आयव्हीएफ सुरू करण्याआधी काय ठरवून ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं वय ३८, नवऱ्याचं ४१. चार वर्षं प्रयत्न करूनही मूल होत नाही. रक्ततपासणीत एएमएच (शिल्लक बीजांचा अंदाज देणारं संप्रेरक) कमी आलं आहे. डॉक्टरांनी आयव्हीएफ (बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून भ्रूण तयार करणं) सुचवलं आणि सोबत भ्रूणांची जनुकीय तपासणी व आणखी दोन-तीन जादा उपचारांची यादी हातात दिली. स्वतःच्या बीजांनी जमलं नाही तर डोनरचं स्त्रीबीज घ्यावं लागेल, हेही सांगून ठेवलं. घरच्यांचं म्हणणं असं की डोनर घेतला तर बाहेर कुणाला कळता कामा नये, पुढे मुलालासुद्धा नाही. उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं याची दोघांना धाकधूक आहे. सहा महिने थांबून मग सुरू करावं का, असंही त्यांनी विचारलं आहे. आणि मध्येच एक वाक्य आहे: "विज्ञान एवढं पुढे गेलं म्हणतात, मग आम्हालाच एवढं सगळं का ठरवावं लागतंय?"

ताई, या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळं त्यात आहेत.

मी एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण सांभाळणारी आहे. इंजेक्शनं देणारे, सोनोग्राफी करणारे डॉक्टर वेगळे. बीज शरीराबाहेर आल्यापासून भ्रूण गर्भाशयात परत जाईपर्यंतचे पाच-सहा दिवस आमच्या खोलीतले. विज्ञान पुढे गेलं हे खरंच आहे. पण ते जिथे जिथे पुढे गेलं, तिथे तिथे जोडप्याला एक नवा निर्णय घ्यावा लागू लागला. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावात लुईस ब्राउनचा जन्म झाला, तेव्हा तिच्या आईला बीजं वाढवायची औषधं दिलेली नव्हती. नैसर्गिक पाळीत एकच बीज मिळालं, त्याचं एकच भ्रूण झालं आणि ते आत सोडलं. उरलं काहीच नाही. गोठवणं नव्हतं, तपासणी नव्हती, तिसऱ्या कुणाचं बीज नव्हतं. त्या आईबापांना ठरवावं लागलं ते फक्त करायचं की नाही एवढंच.

त्या कामामागे तिघं होती: रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी. पर्डी प्रयोगशाळा सांभाळायच्या. ते भ्रूण विभागताना मायक्रोस्कोपखाली सगळ्यात आधी त्यांनी पाहिलं. १९८५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी त्या गेल्या. २०१० चा नोबेल एडवर्ड्स यांना मिळाला, तोवर स्टेप्टोही हयात नव्हते. ओल्डहॅमच्या रुग्णालयाबाहेरच्या स्मृतिफलकावर पर्डींचं नाव अनेक वर्षं नव्हतं, याचं आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना आजही वाईट वाटतं. लुईसच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुसरं बाळ जन्मलं. त्यांनी औषधं देऊन बीजं मिळवली आणि भ्रूण गोठवून नंतरच्या पाळीत सोडलं. आज जगभर रोज होतं ते हेच. तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं, आणि त्यांच्या कामाला मान्यता मिळाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आता तुमच्या वयाचं आणि एएमएचचं.

एएमएच हे अंडाशयात अजून किती बीजं शिल्लक असावीत याचा अंदाज देतं. इंजेक्शनांनी साधारण किती बीजं हाती लागतील हे त्यावरून कळतं. बीज चांगलं की वाईट हे त्यावरून कळत नाही. २०१७ मध्ये ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. म्हणून तो कागद पाहून रडू नका. बीजाचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. स्त्री जन्माला येते तीच दहा-वीस लाख बीजं घेऊन, वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात, आणि नवीन बनत नाहीत. तुमचं आजचं बीज ३८ वर्षं तुमच्या शरीरात थांबलेलं आहे. विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढतं. ऐन तिशीत साधारण तीनातल्या एका भ्रूणात हा दोष सापडतो, अडतिशीच्या आसपास जवळपास निम्म्यांत, आणि ४३-४४ ला बहुतेकांत. बीजाचं वय कमी करणारं कुठलंही औषध, सप्लिमेंट किंवा इंजेक्शन आज उपलब्ध नाही. तसं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठून या.

एका सायकलमध्ये, म्हणजे उपचारांच्या एका फेरीत, काय घडतं ते सांगते, म्हणजे फोनवर रोज कमी होत जाणारा आकडा ऐकून तुमचा धीर सुटणार नाही. समजा आठ बीजं मिळाली. त्यातली सहा पक्व असतील. बीज काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्राणू मिळाल्यापासून १६ ते १८ तासांनी, मी प्रत्येक बीज मायक्रोस्कोपखाली हलकेच फिरवून बघते. आत शेजारी शेजारी दोन गोल दिसायला हवेत, एक बीजाकडून आलेला आणि एक शुक्राणूकडून. एकच दिसला किंवा तीन दिसले तर फलन नीट झालेलं नाही. हे गोल काही तासांत विरून जातात आणि उशिरा पाहिलं तर पुरावाच हातचा जातो, म्हणून सणवार असो की रविवार, ती सकाळ चुकवता येत नाही. सहातली चार-पाच इथे पास होतात. तिसऱ्या दिवशी सहा ते आठ पेशी. इथवरचा बराचसा प्रवास बीजात आधीच साठवलेल्या शिदोरीवर होतो. चार-आठ पेशींच्या टप्प्यावर भ्रूणाची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि बरीचशी भ्रूणं त्यानंतरच थांबतात. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट: शंभरावर पेशी, मधे पोकळी, आत एका बाजूला पुढे बाळ होणारा पुंजका, बाहेरून वार होणाऱ्या पेशींचा थर. तुमच्या उदाहरणात इथवर दोन येतील. त्यातलं एक गुणसूत्रांनी ठीक असेल अशी आशा धरायची. प्रत्येक जोडप्यात हे आकडे मागेपुढे होतात, पण आठाचे दोन होणं हे अपयश नव्हे. निसर्गातही असंच होतं, फक्त तिथे कुणी रोज मोजत नाही.

तुमच्या पत्रात नवऱ्याच्या तपासणीबद्दल एक शब्दही नाही. ही तुमची चूक नाही, सगळीकडे असंच चालतं. बाईच्या रक्ताच्या, नळ्यांच्या, गर्भाशयाच्या तपासण्या होऊन जातात आणि वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी. खरं तर ती सगळ्यांत सोपी, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनंही काही ना काही अडचण असते. मूल न होण्याचा दोष बाईच्या पदरात टाकायची सवय समाजाला आहे, पण ती उपचारांच्या क्रमातही घुसते आणि त्यात बाईची वर्षं जातात, याचा मला खरोखर संताप येतो. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या गटानं इक्सी यशस्वी केलं: केसाहून बारीक काचेच्या सुईनं एकच शुक्राणू उचलायचा, शेपटीवर टोकून तो स्थिर करायचा आणि थेट बीजात सोडायचा. ज्या पुरुषांना त्याआधी डोनरशिवाय मार्ग नव्हता, अशा लाखोंना त्यातून स्वतःचं मूल झालं. वीर्यात शुक्राणू अजिबात नसले तरी काहींच्या बाबतीत वृषणातून काढता येतात. मात्र शुक्राणू नीट असताना सरसकट इक्सी केल्यानं जास्त बाळं जन्माला येत नाहीत. व्हिएतनाममध्ये हजारावर जोडप्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच दिसलं. तुम्हाला इक्सी सांगितलं असेल तर कशासाठी, ते विचारा.

जादा उपचारांची यादी. भ्रूणाच्या तपासणीबद्दल, म्हणजे पीजीटी-एबद्दल, थोडं सविस्तर बोलायला हवं. पाचव्या-सहाव्या दिवशी बाहेरच्या थरातल्या पाच-आठ पेशी काढून गुणसूत्रं मोजतात आणि निकाल येईपर्यंत भ्रूण गोठवून ठेवतात. ऐकायला हे अगदी योग्य वाटतं. पण ही तपासणी नवं भ्रूण तयार करत नाही आणि असलेलं सुधारत नाही. कुठलं आधी सोडावं आणि कुठलं सोडू नये, एवढंच सांगते. चीनमध्ये २० ते ३७ वयाच्या, किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट असलेल्या १,२१२ स्त्रियांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के स्त्रियांना बाळ झालं, न केलेल्या गटात ८१.८ टक्के स्त्रियांना. त्या वयोगटात सरसकट तपासणीचा फायदा नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. तुमचं वय त्या चाचणीच्या थोडं पुढे आहे आणि तुमच्या वयाला गर्भपात टळणं, वाया जाणारे महिने वाचणं हे फायदे संभवतात. पण ते तेव्हा, जेव्हा निवडायला चार-पाच भ्रूणं असतात. एक किंवा दोनच असतील तर मी म्हणेन, तपासणीत न अडकता एकेक सोडून पाहावं. शिवाय निकाल नेहमी काळा-पांढरा नसतो. काही भ्रूणांत ठीक आणि दोषी अशा दोन्ही पेशी मिसळलेल्या सापडतात. पूर्वी अशी भ्रूणं टाकून दिली जायची. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी अशी भ्रूणं १८ स्त्रियांच्या गर्भाशयात सोडली आणि त्यातून सहा निरोगी बाळं जन्मली. म्हणून संमती देण्याआधी विचारून घ्या की 'मिश्र' निकाल आला तर तुमचं केंद्र काय करतं.

घराण्यात थॅलेसीमिया किंवा एखादा ठराविक जनुकीय आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्या एका दोषासाठी भ्रूण तपासणं म्हणजे खरंच वरदान आहे. १९९० मध्ये लंडनमध्ये अशा तपासणीनंतरची पहिली गर्भधारणा झाली ती फक्त मुलग्यांत दिसणारा आजार टाळण्यासाठी, भ्रूणाचं लिंग पाहून. त्याच तंत्रानं पुढे नुसतं लिंग निवडण्याची वाट उघडली. भारतासह अनेक देशांत त्यावर कायद्यानं बंदी आहे, काही देशांत नाही, आणि बंदी नसलेल्या देशात जाऊन ते करून घेणारेही आहेत. बंदी असावी, या बाजूची मी आहे. आता तर भ्रूणाची उंची, बुद्धी, पुढचे आजार यांचे 'गुण' विकले जाऊ लागले आहेत. युरोपातल्या आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्येच याला अप्रमाणित आणि अनैतिक म्हटलं. कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

बाकीची यादी भराभर संपवते. गर्भाशयाचं अस्तर खरवडणं: १,३६४ स्त्रियांची चाचणी, २०१९, खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण २६.१ टक्के. म्हणजे नुसताच त्रास. अस्तराची 'वेळ' शोधणारी ईआरए तपासणी: २०२२ च्या चाचणीत फायदा दिसला नाही. भ्रूणांचं सतत चित्रण करणारा टाइम-लॅप्स इन्क्युबेटर मला कामात आवडतो, भ्रूण बाहेर न काढता बघता येतं. पण २०२४ च्या मोठ्या चाचणीत त्यानं बाळांचं प्रमाण वाढलं नाही, म्हणून त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. डॉक्टरांना एकच विचारा: यानं जिवंत बाळ घरी नेण्याचं प्रमाण वाढतं असं माझ्या वयाच्या स्त्रियांवरच्या तुलनात्मक चाचणीत दिसलंय का? चांगले डॉक्टर या प्रश्नाचा राग मानत नाहीत.

ज्या दोन गोष्टींनी खरा फरक पडला त्यांची जाहिरात कमी होते. एक म्हणजे व्हिट्रिफिकेशन, भ्रूण क्षणात गोठवण्याची पद्धत. पूर्वी हळूहळू थंड करताना पेशींत बर्फाचे स्फटिक व्हायचे. आता भ्रूण एका पातळ पट्टीवर, नजरेला जेमतेम दिसेल एवढ्या थेंबात ठेवून थेट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतो. बर्फ व्हायला वेळच मिळत नाही आणि बहुसंख्य ब्लास्टोसिस्ट पुन्हा गरम केल्यावर जिवंत निघतात. दुसरी गोष्ट तिच्यामुळेच शक्य झाली: एका वेळी एकच भ्रूण सोडणं. स्वीडननं २००३ मध्ये तसा नियम केला आणि आयव्हीएफमधली जुळी झपाट्यानं कमी झाली, बाळं होण्याचं प्रमाण मात्र टिकलं. कॅलिफोर्नियात एका स्त्रीच्या गर्भाशयात बारा भ्रूणं सोडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये आठ बाळं एकदम जन्मली. त्या डॉक्टरांचा परवाना पुढे रद्द झाला. "दोन टाका, एकदमच कुटुंब पूर्ण होईल" हे मी फार ऐकते. जुळ्यांत अपुऱ्या दिवसांचा जन्म, काचेच्या पेटीतले आठवडे, आईचा वाढलेला रक्तदाब हे सगळं येतं. चांगला ब्लास्टोसिस्ट असेल तर ३८ व्या वर्षीही एकच सोडा, दुसरा गोठवा.

आता डोनर. डॉक्टर ते का सुचवतात हे वरच्या हिशेबातून कळलंच असेल. गर्भाशय बीजाइतकं वयानं थकत नाही, त्यामुळे तरुण स्त्रीचं बीज घेतलं तर यशाचं प्रमाण तिच्या वयानुसार येतं. बाळ तुमच्या पोटात वाढेल, तुम्ही जन्म द्याल, जनुकं तिची असतील. गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते, त्यामुळे तपासण्या काटेकोर ठेवाव्या लागतात. वैद्यकीय बाजू एवढीच. निर्णयाची बाजू मोठी आहे. माझी विनंती अशी की स्वतःच्या बीजांची सायकल फसली त्या आठवड्यात हो म्हणू नका. आपलं मूल आपल्यासारखं दिसेल ही आशा सुटते तेव्हा माणूस शोक करतो, आणि तो शोक पुरा व्हायला वेळ लागतो. अनेक जणी घाईत हो म्हणतात आणि गरोदरपणात एकट्याच ते ओझं वाहतात.

आणि मुलाला सांगायचं की नाही? घरच्यांचं मन मी समजू शकते. त्यांना तुमची आणि बाळाची अवहेलना होऊ द्यायची नाही. तरी माझं मत स्पष्ट आहे: मुलाला सांगायचं, आणि लहानपणीच. केंब्रिजमध्ये सुझन गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोनर किंवा सरोगसीतून झालेल्या मुलांच्या कुटुंबांचा, मुलं वीस वर्षांची होईपर्यंत, माग काढला. नातं जनुकांचं नाही म्हणून ती कुटुंबं कमी सुखी निघाली नाहीत. ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितलं गेलं त्यांचं आईशी नातं उशिरा कळलेल्यांपेक्षा बरं होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला "तू पोटात यावास म्हणून एका बाईनं आम्हाला मदत केली" एवढं पुरतं, पुढचं ते स्वतःच विचारत जातं. स्वीडननं १९८५ मध्येच डोनरची ओळख जाणून घेण्याचा हक्क मुलाला दिला. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतरच्या डोनरची माहिती मुलाला १८ व्या वर्षी मागता येते. काही देशांत, भारतातही, डोनर अनामिक असतो. पण कायदा काहीही म्हणो, घरबसल्या लाळेची डीएनए तपासणी करणारे संच आल्यापासून ही गुप्तता कायमची राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. मुलाला पंचविसाव्या वर्षी एका चुलतभावाच्या मेसेजमधून कळावं, असं कुठल्या आईला वाटेल? शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची मात्र काहीच गरज नाही. ती माहिती मुलाची आहे, कुणाला द्यायची ते मोठं झाल्यावर ते ठरवेल.

डोनरचा वैद्यकीय इतिहास हाही याच हक्काचा भाग आहे. मे २०२५ मध्ये युरोपात एक प्रकरण उघड झालं: स्वतः निरोगी असलेल्या एका पुरुष डोनरच्या काही शुक्राणूंत कर्करोगाची शक्यता कितीतरी वाढवणारा जनुकीय दोष होता. तोवर आठ देशांत त्याची किमान ६७ मुलं सापडली होती, त्यातल्या २३ जणांत तो दोष होता आणि १० जणांना कर्करोग झाला होता. २०२३ मध्ये हेगच्या न्यायालयानं साडेपाचशेहून अधिक मुलांचा जनक असलेल्या एका डोनरला पुढे दान करायला मनाई केली. एका डोनरपासून किती कुटुंबांना मूल द्यावं याची मर्यादा देशागणिक वेगळी, आणि सीमेपलीकडे मोजणारं कुणी नाही. तुमच्या केंद्राला विचारा: या डोनरपासून किती कुटुंबं, तिची तपासणी कशाकशाची, आणि दहा वर्षांनी तिच्यात काही आजार निघाला तर आम्हाला कोण कळवणार? आणि तिच्याबद्दलही विचारा. तीसुद्धा दोन आठवडे इंजेक्शनं घेते, भूल घेते, अंडाशय सुजण्याचा धोका पत्करते. तिला ते नीट समजावून सांगितलं होतं का, नंतर तिची काळजी कोण घेतं, हे विचारणारं जोडपं मला फार आदराचं वाटतं.

उरलेल्या भ्रूणांबद्दल तुम्ही आधीच विचारलंत याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. संमतीपत्रात हा भाग शेवटच्या पानांवर असतो आणि बहुतेक जण इंजेक्शन सुरू व्हायच्या दिवशी, घड्याळाकडे बघत, त्यावर सही करतात. ब्रिटनमधल्या नॅटली इव्हान्स यांची केस ऐका. २००१ मध्ये त्यांच्या अंडाशयांत कर्करोगाआधीच्या गाठी सापडल्या. अंडाशयं काढण्याआधी त्यांची बीजं आणि जोडीदाराचे शुक्राणू मिळून सहा भ्रूणं गोठवली. नुसती बीजं गोठवता येतील का, असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं. त्या केंद्रात ते होत नव्हतं, आणि जोडीदारानं आपण वेगळे होणार नाही असा धीर दिला. पुढच्याच वर्षी नातं तुटलं. त्यानं संमती काढून घेतली. कायद्यानं भ्रूण वापरायला शेवटपर्यंत दोघांची संमती लागत होती. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि २००७ मध्ये तेरा विरुद्ध चार मतांनी त्या हरल्या. त्यांचं स्वतःच्या बीजांचं मूल होण्याची शेवटची शक्यता तिथे संपली. आज बीजं वेगळी गोठवणं नित्याचं झालं आहे, पण भ्रूणाबाबतचा तो प्रश्न तसाच आहे. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणाला मुलाचा दर्जा दिला. केंद्रांनी काम थांबवलं आणि महिन्याभरात विधिमंडळाला त्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

तेव्हा दोघांनी, घरी, शांतपणे बसून लिहून काढा: एक मूल झाल्यावर उरलेली भ्रूणं दुसऱ्यासाठी ठेवायची का, किती वर्षं, नको असतील तर दुसऱ्या जोडप्याला द्यायची, संशोधनाला द्यायची की नष्ट करायची, आपल्यापैकी एक गेला तर, आपण वेगळे झालो तर. शेवटचे दोन प्रश्न अशुभ म्हणून टाळू नका. यातलं काय चालतं आणि किती काळ, हे तुमच्या देशातल्या कायद्यावर आहे. भ्रूण स्वतः काळाच्या हिशेबात बसत नाही: जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जे बाळ जन्मलं त्याचं भ्रूण १९९४ पासून गोठलेलं होतं. केंद्राला साठवणुकीबद्दलही विचारा. ४ मार्च २०१८ ला, निव्वळ योगायोगानं एकाच दिवशी, अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या शहरांत नायट्रोजनच्या टाक्या बिघडल्या. त्यातल्या एकट्या क्लीव्हलँडमध्ये चार हजारांवर बीजं आणि भ्रूणं गेली. टाकीला अलार्म आहे का, रात्री तो कुणाच्या फोनवर वाजतो, नळीवरचं नाव प्रत्येक पायरीला दुसरी व्यक्ती ताडून बघते का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका.

सरोगसीचा विचार तुमच्या बाबतीत करण्याचं कारण आज तरी दिसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. त्याचं राजकारण आणि कायदे देशोदेशी इतके उलटसुलट आहेत की बाळ जन्मून कागदाविना अडकल्याची उदाहरणंही झाली आहेत. गर्भाशयच नसलेल्या स्त्रियांसाठी प्रत्यारोपणाचा मार्ग २०१४ मध्ये स्वीडनमध्ये खुला झाला, तोही तुमचा विषय नाही. त्वचेच्या पेशींपासून बीज बनवण्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. उंदरांत बाळं झाली आहेत, माणसात ते अजून प्रयोगशाळेतच आहे. त्याची वाट पाहण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही.

आणखी एक ठरवायचं आहे, जे तुम्ही विचारलं नाही: कुठे थांबायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की जगात दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. त्यातल्या बहुतेकांना उपचार स्वतःच्या खिशातून करावे लागतात, आणि "अजून एकदा" म्हणत घर रिकामं झालेली जोडपी मी पाहिली आहेत. हा अन्याय आहे आणि तो सरकारांनीच दूर करायचा आहे. तोवर आकडा तुमचा तुम्ही आधी ठरवा: किती सायकल, किती पैसे, आणि कुणाचं मन आधी थकलं तर त्याचं ऐकायचं. दत्तक किंवा दोघांचंच आयुष्य हे पर्यायही त्याच कागदावर लिहा, खालच्या ओळीत नको, बरोबरीनं.

सहा महिने थांबायचं का, तर नाही. ३८ व्या वर्षी ते सहा महिने परत मिळत नाहीत. शुक्राणू तयार व्हायला मात्र सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून नवऱ्यानं सिगारेट, तंबाखू आणि दारू आजपासून बंद करावी, आणि वीर्यतपासणी येत्या आठवड्यातच करून घ्यावी. तो रिपोर्ट, संमतीपत्राची घरी वाचायला मागून घेतलेली प्रत आणि तुमच्या प्रश्नांचा कागद घेऊन पुढच्या भेटीला दोघंही जा.